सहा पोर्ट, एक सर्व्हर आणि रबाळ्याची रात्रपाळी

गुरुवारी दुपारी रबाळ्याहून फोन आला. "सर, स्विचचे सगळे दिवे एका तालात लुकलुकतायत आणि कुणाचंच काही चालत नाहीये." शेवटचं काय केलंस, असं विचारल्यावर पलीकडे जरा शांतता. मग हळूच, "काही नाही सर, सर्व्हरला अजून एक केबल लावली."

"आधी ती काढ. बाकीचं नंतर बोलू."

फोन चालू ठेवूनच त्यानं ती ओढली. थोड्याच वेळात मागून अकाउंट्सच्या ताईंचा आवाज आला, "आलं रे, आलं!" तारीख महिन्याची १९ होती. दुसऱ्या दिवशी जीएसटीचं रिटर्न भरायचं, म्हणजे ताईंचा जीव आधीच टांगणीला लागलेला.

नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला हा छापखाना आहे, पुठ्ठ्याची खोकी छापणारा. सगळा कारभार एका टॉवर सर्व्हरवर चालतो. त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका मशीनमध्ये अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, आणि आत असे चार आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम: टॅलीसाठी विंडोज, आर्टवर्कच्या फाइलींचा फाइल सर्व्हर, हजेरीचं मशीन ज्याच्याशी बोलतं ते सॉफ्टवेअर आणि १६ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. बाजूला बॅकअपसाठी एक नॅस, म्हणजे नेटवर्कवरचा डिस्कचा डबा. मध्ये सगळ्या केबली जिथे एकत्र येतात तो २४ पोर्टांचा साधा स्विच, ज्यात सेटिंग नावाची गोष्टच नाही. सर्व्हरच्या मदरबोर्डवर लॅनचे दोन पोर्ट, पण केबल एकालाच. चारही व्हीएम, होस्ट (म्हणजे तो सर्व्हर) स्वतः आणि रात्रीचा बॅकअप, सगळ्यांची ये-जा त्या एका तारेवरून.

मूळ तक्रार रात्रपाळीची होती. प्लेट काढणारा ऑपरेटर दीड-दीड जीबीच्या फाइली सर्व्हरवरून उघडतो. एरवी पंधराएक सेकंदांत येणारी फाइल रात्री दहानंतर दोन-तीन मिनिटं घ्यायची, आणि तेवढा वेळ मशीन उभं. दहाला काय होतं? बॅकअप सुरू होतो. साहेबांनी यावर स्वतःच उपाय शोधला आणि लॅमिंग्टन रोडवरून इंटेलचं चार पोर्टांचं कार्ड आणून ठेवलं, आय-३५०. कार्ड बसवायला मी येणारच होतो, पण आयटी सांभाळणाऱ्या पोराला दम निघेना. त्यानं बोर्डावरचा रिकामा दुसरा पोर्ट हाताशी धरला. प्रॉक्समॉक्सच्या वेब पानावर ब्रिजच्या 'पोर्ट्स' या चौकटीत पहिल्या पोर्टच्या नावापुढे एक जागा सोडून दुसऱ्याचं नाव टाकलं आणि दोन्ही केबली त्याच स्विचात खोचल्या. दोन तारा म्हणजे दुप्पट वाट, असा सरळ हिशोब.

दिवे का नाचले

हा हिशोब इतके जण करतात की त्याबद्दल नीट सांगायला हवं. प्रॉक्समॉक्समधला ब्रिज म्हणजे सर्व्हरच्या पोटातला एक स्विचच. त्याला दोन पोर्ट देऊन दोन्ही बाहेरच्या एकाच स्विचला जोडले, की दोन स्विच दोन तारांनी एकमेकांना जोडल्यासारखं होतं आणि वर्तुळ पूर्ण होतं. आता एखाद्या प्रिंटरनं 'अमुक आयपी कोणाकडे आहे हो?' असा साधा पुकारा केला, तर स्विच तो सगळीकडे पाठवतो. ब्रिजकडे तो एका तारेनं येतो, ब्रिज दुसऱ्या तारेनं परत स्विचकडे ढकलतो, स्विच पुन्हा सगळ्यांना वाटतो. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याला, आयुष्याची मर्यादा नसते. आयपी पॅकेटवरचा आयुष्याचा आकडा प्रत्येक राउटरपाशी एकनं घटतो आणि शून्यावर ते मरतं, इथे तसलं काही नाही. एकच पुकारा फिरत राहतो आणि त्यात नव्यांची भर पडत जाते. दिवे एका तालात लुकलुकतात ते यामुळे.

असं वर्तुळ ओळखून एक वाट बंद ठेवण्याचं काम स्पॅनिंग ट्री करतं. पण प्रॉक्समॉक्सच्या ब्रिजवर ते मुळात बंद असतं आणि त्या साध्या स्विचला ते ठाऊकच नाही. पोराला मी रागावलो नाही. त्या चौकटीत जागा सोडून दोन नावं लिहिता येतात, प्रोग्राम हूं की चूं करत नाही, तर माणूस लिहिणारच.

त्याच फोनवर त्याच्याकडून एक काम करून घेतलं. बॅकअपच्या वेगाला सेकंदाला ४० एमबीची मर्यादा घालायला लावली. तारेवरून रोज रात्री साधारण ४०० जीबी जातात, म्हणजे पावणेतीन तास लागणार. त्या रात्री ऑपरेटरची तक्रार आली नाही. खरं सांगायचं तर तातडीचा प्रश्न तिथेच मिटला होता, एक रुपया न खर्चता. पण कार्ड घेऊन झालं होतं, डेटा दर महिन्याला वाढत होता आणि आख्खा कारखाना एका केबलवर लटकलेला मलाही बघवत नव्हता.

शुक्रवार

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. ताईंचं रिटर्न भरून होईपर्यंत सर्व्हरला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून रबाळ्याला उतरलो, स्टेशनबाहेर कटिंग घेतला आणि आत जाऊन आधी साहेबांसमोर बसलो. त्यांच्या मनात आराखडा तयार होता. चार व्हीएम, चार पोर्ट, प्रत्येकाला आपापली तार.

ऐकायला छान वाटतं, पण यात तोटा आहे. चारही व्हीएम एकाच ब्रिजवर असतात तेव्हा त्यांचं आपसातलं बोलणं तारेवर येतच नाही. टॅलीच्या मशीननं फाइल सर्व्हरवर काही ठेवलं तर ते मेमरीतल्या मेमरीत जातं, एक गिगाबिटच्या कितीतरी वर. चौघांना वेगळं केलं की तेच बोलणं एका पोर्टातून बाहेर, स्विचपर्यंत आणि दुसऱ्या पोर्टातून आत. एकाच मजल्यावरच्या शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यायला गेटबाहेर जाऊन, रस्त्याला वळसा घालून मागच्या दारानं यायचं, तसलं.

मग त्यांचा दुसरा प्रश्न आला, "बरं, चारही पोर्ट एकत्र बांधले तर चारपट वेग?" बाँडिंगबद्दल त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. एलएसीपी या पद्धतीनं पोर्ट एकत्र येतात हे खरं, पण त्यासाठी स्विच त्याला समजणारा लागतो. शिवाय एका संवादातली पॅकेटं एकाच तारेवरून जातात. कोणता संवाद कोणत्या तारेवर, हे पत्त्यांच्या गणितावरून ठरतं. दहा जण दहा फाइली ओढत असतील तर ते विखुरतात. एक सर्व्हर एका नॅसला एक मोठा बॅकअप पाठवत असेल तर चारातल्या तीन तारा बसून राहतात.

"मग कार्डाचा उपयोग काय?"

उपयोग वाटा वेगळ्या करण्याचा. रात्री दहाला बॅकअपही सर्व्हरमधून बाहेर जातो आणि ऑपरेटरची फाइलही बाहेरच जाते. दोन्ही जावक, एकाच दारात. एक गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी, हाती ११०-११५ लागतात, आणि बॅकअप एकटाच ते सगळे खातो. गंमत म्हणजे त्याच वेळी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बिनबोभाट चालू असायचं, कारण ते आवक आहे आणि फुल डुप्लेक्समध्ये आवक-जावक वेगळ्या असतात. ही एक गोष्ट लक्षात आली, तेव्हाच दोष डिस्कचा नसून तारेचा आहे याची मला खात्री पटली.

कागदावर सहा पोर्ट मांडले, बोर्डावरचे दोन आणि कार्डावरचे चार. ऑफिसच्या नेटवर्कसाठी एक बोर्डावरचा आणि एक कार्डावरचा, दोघांचा बाँड, पण 'अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप' प्रकारचा: एक तार काम करते, दुसरी राखीव. त्याला साधा स्विच चालतो. दोन्ही कार्डावरचे घेतले नाहीत, कारण कार्डच गेलं तर? कार्डावरचा दुसरा पोर्ट थेट नॅसला. तिसरा कॅमेऱ्यांच्या स्विचला. बोर्डावरचा दुसरा सुटकेचा दरवाजा, त्याला वेगळा ठरलेला आयपी. बाकी सगळं बोंबललं तरी लॅपटॉपची केबल तिथे खोचून आत जाता यावं म्हणून. सहावा रिकामा.

कार्ड बसवलं आणि सर्व्हर हरवला

मशीन बंद केलं, कार्ड खाचेत दाबलं, चालू केलं. पंखे फिरले, दिवे लागले, वेब पान काही येईना. पोरगा माझ्याकडे बघू लागला. मी काही न बोलता ताईंच्या टेबलावरचा मॉनिटर आणि कीबोर्ड उचलून आणला.

हा प्रकार होऊ शकतो हे माहीत असूनही मी तयारी केली नव्हती, ही माझी चूक. लिनक्समध्ये लॅन पोर्टचं नाव बहुतेक वेळा तो कोणत्या पीसीआय बसवर (कार्डं जोडण्याच्या मार्गावर) बसलाय त्यावरून पडतं. आधी बोर्डावरचे दोघे बस १ आणि बस २ वर होते, म्हणून ईएनपी१एस० आणि ईएनपी२एस०. नवं कार्ड प्रोसेसरजवळच्या खाचेत गेलं, बस १ त्यानं घेतली आणि बोर्डावरचे एकेक घर पुढे सरकले. ब्रिज बिचारा ईएनपी१एस०ची वाट बघत होता आणि त्या नावाचं कुणी उरलंच नव्हतं. त्याहून वाईट, ईएनपी२एस० हे नाव अजून होतं, पण आता ते दुसऱ्याच भोकाचं. घरं तीच आणि दारांवरच्या पाट्या बदललेल्या.

आता नावं मॅक पत्त्याला, म्हणजे प्रत्येक पोर्टच्या स्वतःच्या क्रमांकाला, बांधून टाकली. प्रत्येक पोर्टसाठी सिस्टमडीच्या नेटवर्क फोल्डरात एक छोटी 'लिंक' फाइल. हा मॅक दिसला की हे नाव. नावाची सुरुवात 'ईएन' या अक्षरांनी ठेवली, कारण अशा ठरावीक अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावालाच प्रॉक्समॉक्सचं पान खरा पोर्ट मानतं. एनलॅन, एनबॅकप, एनकॅम अशी वाचली की कळणारी नावं. त्या फाइलीत प्रकार 'ईथर' असा लिहायला विसरू नका. ब्रिज आणि बाँड आपल्या पोटातल्या पोर्टाचाच मॅक घेतात आणि मग नाव भलत्याच्या गळ्यात पडू शकतं. शेवटी इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना आधी लोड होणारा भाग) नव्यानं बनवायचं आणि मशीन पुन्हा चालू करायचं.

पण कोणता मॅक कोणत्या भोकाचा? कार्डावर चार भोकं एका रांगेत, आकडे कुठेच नाहीत. इथटूल या कमांडला 'पी' हा पर्याय देऊन पोर्टचं नाव सांगितलं की त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो. मी कीबोर्डवर, पोरगा रॅकच्या मागे मोबाइलची टॉर्च घेऊन वाकलेला.

"कुठला?"

"डावीकडून चौथा, सर."

"हा तर पहिला असायला हवा."

"सर, मी मागून बघतोय ना."

समोरून बघून काढलेलं चित्र मी मागच्या बाजूला लावत होतो. चित्र उलटं केलं, कागदी टेपचे तुकडे कापून पेननं नावं लिहिली आणि भोकाच्या वर तसंच केबलीच्या दोन्ही टोकांना चिकटवली. या कामाला पाऊण तास गेला. त्या दिवसाचा सगळ्यात चांगला वापरलेला पाऊण तास.

बाकीची मांडणी पटकन झाली. ऑफिसचा ब्रिज बाँडवर ठेवला आणि होस्टचा आयपी व गेटवे (बाहेरच्या नेटवर्कांकडे जाण्याचं दार) तिथेच, फक्त तिथेच. नॅसच्या पोर्टवर ब्रिज बनवलाच नाही. बॅकअप घेण्याचं काम व्हीएमचं नाही, होस्टचं, तेव्हा आयपी सरळ पोर्टला दिला, १०.१०.२०.१. नॅसच्या दुसऱ्या पोर्टला १०.१०.२०.२. मध्ये स्विच नाही, साधी पॅच केबल. गिगाबिटमध्ये क्रॉस केबलची भानगड उरलेली नाही. आधी नॅसचे दोन्ही पोर्ट कुणीतरी एकाच सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या एकाच गल्लीत, टाकून ठेवले होते. त्यातला कोणता कोणाला उत्तर देईल याचा नेम नसतो, म्हणून दुसऱ्याला वेगळं घर दिलं. कॅमेऱ्यांच्या ब्रिजवर होस्टला आयपी दिलाच नाही. तिथे १६ कॅमेरे, प्रत्येकी साधारण ४ मेगाबिट, म्हणजे सगळे मिळून ६४, गिगाबिटला ते चिमूटभर. वेगळे केले ते वेगासाठी नाही. कॅमेरेवाल्यांचा माणूस येतो, आपला लॅपटॉप त्या स्विचात खोचतो. त्याला सर्व्हरचं लॉगिन पान दिसायचं काय कारण?

बाँडची परीक्षा घेतली. पिंग (हाक-उत्तराची चाचणी) चालू ठेवून मुख्य तार उपटली. एक उत्तर चुकलं आणि पुढे सुरळीत. संध्याकाळी बॅकअपवरची ४० एमबीची मर्यादा काढली आणि ठाण्याची गाडी पकडली.

शनिवार आणि रविवार

शनिवारी सकाळी साहेबांचा फोन. "अहो, घरून कॅमेरे दिसत नाहीत." ऑफिसात दिसतात का, विचारलं. तिथे दिसत होते. या एका उत्तरात निम्मं निदान असतं. ऑफिसातला माणूस त्याच सबनेटमध्ये, त्याला उत्तर द्यायला गेटवे लागत नाही. साहेब घरून व्हीपीएननं येतात, त्यांचा पत्ता वेगळा, त्यांना उत्तर गेटवेतूनच जाणार.

कॅमेऱ्याच्या व्हीएमला आता दोन आभासी कार्डं होती, एक ऑफिसच्या बाजूचं, एक कॅमेऱ्यांच्या. कॅमेऱ्यांच्या स्विचावर दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून एक छोटा ४जी राउटर लावलेला होता, आणि दुसऱ्या कार्डात कुणीतरी त्याचा पत्ता गेटवे म्हणून भरलेला. विंडोजनं इशारा दिलाच असणार, 'ओके' दाबून कुणीतरी पुढे गेलं असणार. दोन गेटवे असले की विंडोज कमी मेट्रिकचा, म्हणजे पसंतीचा आकडा कमी असलेला, धरते. दोन्ही कार्डांचा वेग सारखा, म्हणून मेट्रिकही सारखा, मग कौल कुणाकडे जाईल ते सांगता येत नाही. साहेबांची हाक पुढच्या दारानं येत होती आणि उत्तर मागच्या दारानं ४जीवर चाललं होतं. दुसऱ्या कार्डातला गेटवे पुसला, चौकट रिकामी ठेवली. लगेच कॅमेरे दिसले.

रविवारी सकाळी मात्र रात्रपाळीच्या ऑपरेटरचा स्वतःचा फोन आला, आणि सूर चढा. "काय केलंत हो तुम्ही? काल तर आधीसारखंच."

घरून लॉगिन करून एनबॅकपचे आकडे काढले. रात्रभरात गेलेला डेटा काही केबीत. ४०० जीबी त्याच जुन्या वाटेनं गेले होते. प्रॉक्समॉक्सच्या स्टोरेजमध्ये नॅसचा पत्ता जुनाच राहिला होता, ऑफिसच्या नेटवर्कवरचा. तार नवी, पोर्ट नवा, टेपवर सुवाच्य अक्षर, आणि पत्ता तेवढा बदलायचा राहिला. गाडी कुठल्या रस्त्यानं जाणार ते तार ठरवत नाही, पत्ता ठरवतो. हे मी लोकांना शिकवतो, आणि मीच विसरलो.

पत्ता बदलला, तर नॅस आत घेईना. नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या एनएफएसच्या परवानगीत सर्व्हरचा जुना आयपीच लिहिलेला. तिथे नवा घातला, हातानं एक छोटा बॅकअप चालवला आणि एनबॅकपवर आकडे पळताना स्वतः बघितले. तोवर चहा गार झाला होता.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "आता बॅकअप किती वेळात होतो?"

"तासाभरात."

"पण मर्यादा घालायच्या आधीही तासच लागायचा ना?"

"हो. तेवढाच."

ते जरा वेळ गप्प बसले. मग रात्रपाळीचा जॉबचा रजिस्टर उघडून त्यांनी रविवारच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

राहिलेलं एक काम अजून राहिलेलंच आहे. बाँडच्या दोन्ही तारा त्याच एका साध्या स्विचात जातात. तो स्विच गेला तर राखीव तारेचा काही उपयोग नाही. दुसरा स्विच घ्या म्हणून सांगितलंय, साहेब दिवाळीनंतर बघू म्हणालेत. त्याच्यासाठी ओढलेली तीन मीटरची केबल रॅकच्या मागे गुंडाळून, टाय मारून ठेवली आहे. टेपवर पोरानं लिहिलंय: 'लावू नये. सरांना विचारावे.'